जमीन खाली होती

मी गाव सोडलं ते कांद्याच्या ट्रकमधून. आमचे हे तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, पाठीवर पोती वाहायचे. ट्रक ओळखीचा, म्हणून मला केबिनमध्ये जागा मिळाली. कोरेगावकडचं आमचं गाव. सगळी आळी रस्त्यावर आलेली. आईनं चाकाला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "आधी शेजार बघ, मग घर बघ." मी मान हलवली. लक्ष सगळं ट्रकच्या आरशात, नवी नथ कशी दिसते त्यात! बायका रडत होत्या म्हणून मीही रडून घेतलं. मनात एवढंच चाललेलं, की मुंबईचा समुद्र कधी दिसणार.

समुद्र कसला! नेरूळला उतरले तर चिखल, खाडी आणि त्यात मधेच उभ्या केलेल्या इमारती. तरी दिवाळीला गावी गेले की माझा थाट बघावा. पाटावर मांडी ठोकून जावांना सांगायची, "आम्ही गेलो तेव्हा तिथं काहीच नव्हतं हो. नुसती बेडकं. आम्ही वसवलं सगळं!" मी काय वसवलं होतं? मार्केटातल्या गाववाल्या पोरांना भाकऱ्या थापून घालत होते आणि नळावर भांडत होते. पण बोलणं असं, की नेरूळ जणू मीच पदराला गाठ मारून आणलं.

गावाकडच्या जावांनो, तुम्ही ते खरं मानलंत. आणि परदेशी गेलेल्या पोरांनो, तुम्ही तर ते ऐकतच वाढलात. म्हणून दोघांनाही आता पुढचं सांगते.

हे गेले. मुलगा संजू अमेरिकेत, न्यू जर्सीला. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, सगळ्यांनी घरं सोडायचीत. संजूचं एकच टुमणं: भाड्याच्या घरात कशाला राहतेस, इकडेच ये, कायमची. नवा फ्लॅट मिळाला की विकून टाकू. सोसायटीला काय ते कळवायचंय, उत्तर लवकर दे. मी आज हो म्हणायची, उद्या नाही. रात्री भरलेली बॅग सकाळी उपसायची. जीव नुसता खालीवर.

मला अमेरिकेची गोडी लागावी म्हणून त्यानं माझ्या नातीचं, मितूचं, शाळेतलं इतिहासाचं पुस्तक पाठवलं. त्यात प्रेसिडेंट कमी, साधी माणसंच जास्त. मी मॅट्रिक नापास. चहाबरोबर बोट ठेवून अर्धं पान वाचायची, आणि अडलेलं रविवारी मितूला फोनवर विचारायची. शेतकऱ्यांच्या पोरी कापडाच्या गिरणीत कामाला आलेल्या, एकेका खोलीत दाटीवाटीनं निजायच्या, घंटेवर उठायच्या. वाचलं आणि मार्केटातला आमच्या गाववाल्यांचा गाळा आठवला. त्यातही गावची पोरं अशीच निजायची, एकाची ड्युटी संपली की त्याच्या वळकटीवर दुसरा. म्हटलं, अरेच्चा, हे तर आपलेच लोक!

एका रविवारी मितू म्हणाली, "आजी, ते शिपमधून आले ना, ते म्हणाले, जमीन खाली आहे."

"जमीन खालीच असते की गं. वर काय टांगून ठेवायची?"

"नो आजी! खाली म्हणजे एम्प्टी. कोणी नाही. पण लोक होते! त्यांची शेतं होती, तरी हे म्हणाले, कोणी नाही."

मी खूप हसले. मग ही गंमत सांगायला मासळी मार्केटात हिराबायकडे गेले. हिराबाय इथल्याच नेरूळ गावची, आगरी, माझ्याच वयाची. मासळी विकते. माझ्या गळ्यात माळ असल्यामुळे मी तिच्याकडून आजवर एक बोंबील घेतला नाही, पण तिच्या पाटीशेजारी स्टूल टाकून रोज गप्पा मारते. तीही हसली. मग कोळंबी सोलता सोलता म्हणाली, "मंग तू कई वेगलं बोललीस गो? तू बी तं सांगतंस, नेरुलान कई नव्हतं. तुझी बिल्डिंग हाय ना, तिथं माझे बापाचं भाताचं शेत व्हतं. मी न्याहारी घेऊन जायची. आमी काय भुतां व्हतो?"

ती थांबते का?

"आनि तू नाकाला पदर लावून जायचीस. मना वाटायचं, बिचारीला बारमाही सर्दी हाय!"

आख्खं मासळी मार्केट हसलं. मीही हसले, पण घरी येऊन भांडी घासायला बसले तेव्हा ते शेत डोळ्यापुढून हलेना. ज्या मोरीत मी आयुष्यभर भांडी घासली, तिच्याखाली कुणाची तरी न्याहारीची वाट होती. आईनं शेजार बघायला सांगितलेला. मी बघितला होता तो समोरच्या दारापुरता.

पुढच्या रविवारी संजूचा फोन. "आई, ठरलं ना? आता तिकडे आहे काय?"

"मी आहे ना रे."

"तसं नव्हे गं. म्हणजे, आता काही उरलं नाही तिथं."

हेच, अगदी ह्याच आवाजात मी जावांना सांगायची. पोरगं माझंच! मी विचारलं, "संजू, तुझं घर आहे त्या जागी आधी काय होतं?"

"काही नाही, झाडं होती. रिकामा प्लॉट."

मागून मितू ओरडली, "बाबा! खाली नव्हतं!"

मग मी सांगून टाकलं. मे महिन्यात येते, तुझं घर बघते, मितूला पुरणपोळी शिकवते, आणि परत येते. फ्लॅट विकायचा नाही. तो रुसला. आठवडाभर फोन नाही. मला चैन पडेना, पण पोराला रुसायचाही हक्क असतो.

बिल्डिंग होईपर्यंत मी आता हिराबायच्या माडीवर राहते. ती आधीच म्हणाली होती, "खोली हाय, पन वास येल. पदर मोठा आन." सकाळी खालून सुक्या बोंबलांचा वास वर येतो. मी खिडकी लावते, उकडलं की उघडते, पुन्हा लावते. अजून कशातच मन ठरत नाही. कधी वाटतं पोराकडे जायला हवं होतं, कधी गावची स्वप्नं पडतात.

रविवारी मितू फोनवर म्हणते, "हाय आजी." ते तिच्या अमेरिकेचं हाय. पाटी उचलून बाजाराला निघताना हिराबाय जिन्याखालून हाक मारते, "हायस का गो?"

मी माडीवरून ओरडते, "हाय!"

घर म्हणजे सध्या एवढंच.