आबांचा अंगठा

आबा गिऱ्हाइकाला डोळे मिटायला लावत. हेडलाइट पुसून झाला की म्हणत, "आता डोळे मिटा अन् अंगठा फिरवा. नुसतं बघून चिकट कळत नाय." मग चांगले टाय लावलेले साहेब भर रस्त्यात डोळे मिटून गाडीच्या तोंडावरून अंगठा फिरवत उभे राहत. कुठे कणभर अडकलं तर आबा पुन्हा मांडी घालून कामाला बसत. त्या अंगठ्याच्या भरवशावर मी एकदा माझ्या आईला गाडीत बसवलं, म्हणून हे लिहिते आहे.

हर्सूलच्या पुढे, फुलंब्रीच्या रस्त्याला, एका लिंबाखाली गाड्यांवरचे स्टिकर अन् डिंक काढून द्यायची त्यांची टपरी होती. मी फुलंब्रीच्या शाळेत शिकवायला जायची, त्यामुळे ती रोज दिसायची. तेव्हा गावात जो तो गाडी घेत होता आणि घेतली की हेडलाइटच्या वरच्या कडेला स्टिकरच्या काळ्या भुवया चिकटवत होता. वर्ष-दोन वर्षांत उन्हाने स्टिकर उडायचा, डिंक मात्र राहायचा, आणि त्यावर रस्त्याच्या कामाची धूळ बसून गाडीला काजळ फिसकटल्यासारखं दिसायचं. ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठवड्याने पाणी, गाड्या धुणारे कुलूप लावून बसलेले. आबांना फडकं भिजवण्यापुरतंच पाणी लागे, त्यामुळे त्यांचं बरं चाललं होतं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती तोंड पाडून. भावाची जुनी गाडी मला मिळाली होती आणि तिच्या भुवया काढायच्या नादात मी घरातला रंगाचा थिनर एका हेडलाइटवर चोळला होता. तो क्षणात दुधासारखा पांढरा पडला. आबांनी तो पाहिला आणि मलाच शिकवणीला बसवलं. "बाई, ही काच नव्हं, प्लास्टिक हाय. जीव असल्यागत वागवायचं तिला." दुसऱ्या बाजूचा डिंक त्यांनी कसा काढला, ते मी शेजारी बसून पाहिलं. गावच्या घाण्यावरच्या करडीच्या तेलाचा बोळा डिंकावर दाबून ठेवायचा, चहा होईपर्यंत हात लावायचा नाही. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने, आडवं धरून, हळू लोटायचं. शेवटी साबणाचं ओलं फडकं, कारण तेल राहिलं तर धूळ परत येते.

फडकी एकाच कापडाची असत. आबांची बायको गेली तेव्हा तिची चार लुगडी उरली होती, डाळिंबी रंगाची. त्यांच्याच पट्ट्या फाडून ते वापरत. मला आधी ते कसंसंच वाटलं. आबांना त्यात वावगं काही दिसत नव्हतं. तिच्या हाताइतकं मऊ कापड बाजारात मिळत नाही, एवढंच ते म्हणाले, आणि पुढच्या गाडीला लागले.

पुढे पाच-सहा वर्षं शनिवारी शाळा सुटली की मी तिथे थांबायचीच. माझी आई त्यांना भाऊ म्हणायची, तिळाच्या वड्या पाठवायची. घरात गॅसची शेगडी घेतानासुद्धा आबांना विचारलं का, असं ती मला विचारी. हसू यायचं, पण मीही विचारतच होते. वडील गेल्यापासून आम्हा दोघींना असं विचारायला कुणी उरलं नव्हतं.

मग रस्ता रुंद झाला. लिंब गेला, टपरी गेली. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका माणसाने आबांना आपल्या आवारात कोपरा दिला. मला बरंच वाटलं, डोक्यावर पत्रा तरी आला. भावाच्या गाडीने राम म्हटला तेव्हा मी दुसरीकडे कुठे बघितलंच नाही. त्याच आवारात एक पांढरी गाडी होती, दोन्ही हेडलाइटवर भुवया असलेली. मी आबांना बाजूला घेऊन विचारलं, "कुठं ठोकलेली नाही ना? आईला गुडघ्यांच्या इलाजाला न्यायचंय हिच्यातनं."

"बिनघोर घ्या," आबा म्हणाले.

मी सवयीने डोळे मिटले आणि हेडलाइटकडे हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. राहू द्या, मी बघितलंय, म्हणाले. भुवयाही आत्ता काढू नका, पुढं मी सवडीनं काढतो. डिंक दिसला की ज्या माणसाचे हात शिवशिवत, तो हे म्हणतोय, आणि मला काही खटकलं नाही. इतकी मी बावळट.

चौथ्या महिन्यात, हर्सूल तलावाच्या वळणावर पुढचं डावं चाक एकदम आत वळलं आणि गाडी कठड्यावर गेली. मला खरचटलं. आईच्या खांद्याचं हाड मोडलं, तो हात पुन्हा कधी डोक्याच्या वर गेला नाही. फिटरने गाडी खालून पाहिली आणि सांगितलं की ही डाव्या बाजूने चांगलीच ठोकलेली होती, वरवर सरळ करून विकली आहे. भाऊ चिडला. आबांना माहीत असणारच, असं तो म्हणाला. मी त्याच्याशी भांडले. आबांनाही फसवलंय, हे मी आईला, शाळेत, शेजारी, सगळ्यांना सांगत सुटले.

गाडी दुरुस्त होऊन आली, हेडलाइट तेवढे शाबूत होते म्हणून तेच ठेवले होते. एका रविवारी मी स्वतःच भुवया काढायला बसले. उजवीचा डिंक भाजून तपकिरी झालेला. दीड तास गेला. खाली भुवईच्या आकाराचा नितळ पट्टा निघाला, बाकी सगळं उन्हाने पिवळं. डावी भुवई मात्र एका ओढीत हातात आली. डिंक पांढरा, ताजा. हेडलाइटवर खऱ्या पिवळेपणाचा मागमूस नव्हता, उन्हाने आल्यासारखा वाटणारा मळकटपणा बारीक पॉलिश पेपरने घासून आणलेला. हेडलाइट नवा होता आणि कुणीतरी त्याला जपून म्हातारा केला होता. आणि स्टिकरच्या मागे, डिंकातच रुतलेला, बोटभर लांब डाळिंबी धागा होता.

ती भुवई कागदावर ठेवून मी आबांकडे गेले. पुढे केली. त्यांनी धागा पाहिला.

"माझाच हात हाय," ते म्हणाले. मग खाली बघत, "मालकानं जागा दिली व्हती, बाई. नाय म्हणलो असतो तर कुठं बसलो असतो?"

"मी आईसाठी घेतेय, हे सांगितलं होतं मी तुम्हाला."

"व्हय," आबा म्हणाले. "सांगितलं व्हतं."

त्यांनी खोटं बोलायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. मी निघाले. गाडी विकणाऱ्याचा मला कधी राग आला नाही. त्याचा धंदाच तो, त्याने मला शेजारी बसवून काही शिकवलं नव्हतं.

पुन्हा मी तिकडे गेले नाही. आबा गेल्याचं पुढे कुणीतरी सांगितलं. आईला सांगितलं तेव्हा ती दुखऱ्या हातावर दुसरा हात ठेवून बसली. म्हणाली, "भाऊला माझा हात मोडल्याचं कळलं होतं का गं?" मी हो म्हटलं. खरं म्हणजे ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

डिंक मी अजून त्यांच्याच पद्धतीने काढते. तेल, थांबणं, आडवं कार्ड, ओलं फडकं. दुसरी पद्धत मला येत नाही. शेवटी अंगठाही फिरवते, पण आता डोळे उघडे ठेवून.