भाकरी नाव घेते

इंदिरानगरात कुणाचं लग्न ठरलं की मुलीची आई हॉल बघायच्या आधी शुभांगीताईंना फोन करायची. मुलाचं नाव सांगा, सासूचा स्वभाव सांगा, पगार नाही सांगितला तरी चालेल. कणीक मळून होईपर्यंत उखाणा तयार. तो पहिल्यांदा ऐकायचे त्यांचे यजमान, वेणीमाधवराव. ते हसले तरच उखाणा घराबाहेर पडायचा.

वेणीमाधवराव गेले आणि फोन बंद झाले. एका बाईने तेवढा आडून केला. उखाणा द्या, पण तुमचा आहे हे कुठे बोलू नका, म्हणाली. विधवेचे शब्द म्हणे नव्या नवरीच्या तोंडी बरे नाहीत. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस गेला म्हणून काय त्याचं नावही गेलं? उभा संसार ज्या नावाशी यमकं जुळवली, ते आता चारचौघांत घ्यायचं नाही, हे त्यांना पटेना.

तुम्हाला माझे उखाणे नकोत ना, मग मी ते भाज्यांना देते, असं त्यांनी ठरवून टाकलं. लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक, त्यात ताटातले पदार्थच लाजत-मुरकत नाव घेणार. खालच्या मजल्यावरची माहेनूर चित्रकला शिकत होती. तिने भाकरीला नथ घातली, ठेच्याला फेटा बांधला. कारलीबाई म्हणाल्या:

अंगावरती फोड माझ्या, बोलणं माझं कडू,
गूळपंतांचं नाव घेते, नका कुणी रडू.

संक्रांतीला सोसायटीत लहानग्यांचं बोरन्हाण होतं, म्हणजे पोरांवर बोरं-चुरमुरे उधळायचे आणि शेजारी बायकांचं हळदीकुंकू. ताई तिथे पुस्तक वाचणार हे कळल्यावर धाकट्या जावेने, मंगलाने, कपाळावर हात मारला. हळदीकुंकवाला तुम्ही जाऊ नका, लोक नावं ठेवतील, असं तिने परोपरीने सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि ठेवणीतली जांभळी साडी इस्त्रीला दिली.

बोरं वेचून झाल्यावर पोरं ताईंभोवती बसली. मिसळबाईंची पाळी आली:

लाल लाल रस्सा माझा, वर शेव अन् कांदा,
पावरावांचं नाव घेते, त्यांच्याविना वांधा.

पोरं हसून लोळली. बायकाही हसल्या, मंगलासुद्धा. तेवढ्यात मंगलाची चार वर्षांची नात, सई, उठून उभी राहिली.

"भाकरीने घेतलं, मिसळीने घेतलं. मोठी आजी, आता तू नाव घे."

मोठी आजी नाही घेत नाव, असं मंगला हळूच म्हणाली. का नाही, असं सईने विचारलं.

ताईंना रडू येत होतं. पण आज गप्प बसले तर पुन्हा कधीच तोंड उघडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या उभ्या राहिल्या आणि नव्या नवरीसारखा पदर सावरून खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"कारल्याला गूळ हवा, पोळीला हवं तूप,
वेणीमाधवांचं नाव घेते, फार दिवस राहिले चूप."

मंगला हातातल्या कुंकवाच्या करंड्याकडे बघत राहिली. टाळ्या काय त्या पोरांनीच वाजवल्या.

"ते काय खायचे गं?" सईने विचारलं.

"कारलं सोडून सगळं," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचं पान उलटलं.