भाऊजींचा रुंद कोपरा

नववीच्या पोरांना मी घरीच भूमिती शिकवते. दोन रेषा एकमेकींना छेदल्या की समोरासमोरचे कोन सारखे असतात, हे त्यांना एका बैठकीत कळतं. आमच्या भाऊजींना कळायला अख्खं घर बांधावं लागलं.

टेमघरची जुनी खोली पाडून भाऊजी आणि आमचे हे, अशा दोघा भावांनी जोडघर काढलं. पुढे दोन हॉल, मागे दोन स्वयंपाकघरं आणि मध्ये अधिकच्या चिन्हासारख्या दोन भिंती. मोठ्या जाऊबाईंचा जीव मागच्या खोलीत अडकला होता. लग्न झाल्यापासून सासूबाईंच्या ओट्यावर, त्यांना विचारून फोडणी घालणारी बाई ती. "मला माझा ओटा पायजे, बाकी काय न्हाय," एवढंच म्हणायची.

भाऊजी पूर्णा गावच्या गोदामात सुपरवायझर. त्यांना पाहुण्यांसाठी एल आकाराचा सोफा हवा होता. दोन घरांमधल्या भिंतीची दोरी ताणली, तशी त्यांनी पुढची खुंटी खुशाल आमच्या बाजूला सरकवली. मी म्हटलं, "भाऊजी, दोरी मधल्या पिलरवरून सरळ जाते. पुढे तुमचा कोन वाढला की मागे तुमचाच घटणार. मागे वाढेल तो आमचा."

"रोज कंटेनर लावून घेतो मी. मला जागा शिकवतेस?"

वा रे शहाणे! मिस्त्रीने विचारलं, "मग मागची खुंटी तुमच्याकडे घेऊ?" भाऊजींचं लक्ष हॉलमध्ये. "भिंत सरळ पायजे, बस!"

भिंत सरळच झाली. हॉलचा कोपरा इतका फाकला की काटकोनी सोफा भिंतीला टेकेना. रिमोट रोज मागे पडतो. आणि स्वयंपाकघर असं चिमटलं की ओटा घातल्यावर फ्रिजचं दार उघडेना. "माझ्या ओट्यावर यांनी सोफा मांडला गं," म्हणत जाऊबाई रडल्या. मला भाऊजींचा असा संताप आला की बोलायची सोय नाही.

फ्रिज आमच्या रुंद स्वयंपाकघरात आला, मग मिक्सर, मग जाऊबाई. खिडकीकडचा ओटा मी त्यांना देऊन टाकला.

परवा भाऊजी थंड पाण्यासाठी तडक आत शिरले. जाऊबाईंनी भाकरी थापता थापता मानही वर केली नाही.

"बाहेर थांबा. इथं मला विचारून यायचं."