पाठमोरी सिर्का

केमी गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात गुरुवारी वाटाण्याचं सूप शिजतं, आणि त्याच गुरुवारी रित्वा केस्कितालोच्या कॉमिकचं नवं पान इंटरनेटवर चढतं. सूप सगळ्या गावाला ठाऊक आहे, पान मोजक्यांना. दोन्ही करणारे हात एकच. पानाला संपादक नाही, प्रकाशक नाही, कुणाची मिनतवारी नाही. रित्वा काढते, रंगवते, वर चढवते आणि झोपायला जाते.

कॉमिकात असतं तरी काय? एक जुनं स्वयंपाकघर, खिडकीबाहेर गोठलेली नदी आणि दोन बहिणी. धाकटी सगळीकडे लुडबुडते, तोंडाचा पट्टा चालू ठेवते. थोरली चुलीपाशी उभी राहून सूप ढवळते, आणि ती कायम पाठमोरी. लांब वेणी, एप्रनची गाठ, बस्स. वाचकांना त्याची मोठी गंमत वाटायची.

त्यात गंमत कसली! थोरली म्हणजे सिर्का, रित्वाची सख्खी बहीण. लग्न करून ती स्वीडनला, बोरोसला गेली. आईचं शेवटचं आजारपण रित्वाने एकटीने काढलं. सिर्का पोचली ती थेट दफनाच्या दिवशी, चांगला कोट घालून. नंतर सगळे कॉफीला बसले, तेव्हा रित्वा भरल्या खोलीत म्हणाली, "आधी पाहुण्यांना द्या. लांबून आल्यात." सिर्काने कप संपवला, बशीवर पालथा घातला आणि निघून गेली. आम्ही केमीची माणसं मुळात कमी बोलतो. त्यात भांडलो तर विचारूच नका. अकरा वर्षं झाली.

रित्वाने चित्रं काढायला घेतली ती त्यानंतरच. सिर्काचा चेहरा काढायला गेलं की कागदावर ती कोटातली पाहुणी उतरायची. म्हणून तिने तिला चुलीकडे तोंड करून उभं केलं. मागून ती अजून घरचीच दिसायची.

पण बोलायचं तर होतं. वेबकॉमिकवाल्यांची एक जुनी खोड आहे. चित्रावर माउसचा बाण नेऊन क्षणभर थांबवला की एक छोटी पट्टी उमटते. विनोदाचं शेपूट तिथे लपवायचं असतं. रित्वाने तिथे बहीण लपवली. 'सिर्का, नदीवरचा बर्फ फुटला आज.' 'सिर्का, आईची लोकर अजून तशीच ठेवलीय.' 'सिर्का, माझं चुकलं, ये ना गं.' हे उघड्यावर मांडायला तिचा जीव धजत नव्हता.

सिर्का वाचत होती, एवढं नक्की. कुठल्या गावाहून कोण पान उघडतं ते रित्वाच्या कॉम्प्युटरवर दिसायचं, आणि बोरोसहून दर गुरुवारी एक जण यायचंच. यायचं, बघायचं, गप्प निघून जायचं. 'सगळं वाचते आणि एक अक्षर लिहीत नाही,' रित्वा मनात म्हणायची. राग यायचा, रागापेक्षा आठवण जास्त यायची. गुरुवारची संध्याकाळ तिला खायला उठायची.

गेल्या मे महिन्यात वाचनालयात कॉमिकवाल्यांचा मेळावा भरला. पानांची एक पुस्तिका छापून रित्वा टेबल मांडून बसली. कैसू नावाची एक नर्स हौसेने भेटायला आली.

"गुरुवारी डब्यातलं सूप आणि तुमचं पान, माझं दोन्ही एकदमच चालतं बघा."

"आणि चित्रातली ती लपवलेली ओळ? ती वाचता का?" रित्वाने भीतभीतच विचारलं.

"कसली ओळ?"

"बाण थांबवला की येते ती."

कैसू हसली. "अहो, मी फोनवर वाचते. बोटाला कुठला आलाय बाण! आता कॉम्प्युटर उघडून कोण बसतंय, बाई?"

रित्वाने पान कायम तिच्या त्या जुन्या, अवजड कॉम्प्युटरवरच पाहिलं होतं. घरी येऊन तिने तो उघडला. बोरोस, आणि शेजारी फोनचं इवलंसं चित्र. मागच्या गुरुवारी तेच, त्याच्या मागच्या गुरुवारीही तेच. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं. तिची एकही ओळ सिर्कापर्यंत पोचली नव्हती. पोचली होती ती फक्त पाठ. रित्वा खुर्चीत बसून ढसाढसा रडली.

पुढच्या पानावर सिर्का वळली. चेहऱ्याच्या जागी रित्वाने नुसता कोरा कागद सोडला, आणि खाली, चित्रातच, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'सिर्का, तुला पाहुणी म्हटलं, फार वाईट केलं. तुझा आताचा चेहरा मला माहीत नाही. काढायचा तर तू समोर हवीस.'

गुरुवारी बोरोस आलं आणि गेलं. शुक्रवारी शाळेत पातेली घासताना फोनवर निरोपाची घंटी वाजली. पानाखाली कुणीतरी लिहिलं होतं:

"अगं शहाणे, मला वाटायचं, तुला माझं तोंड बघायचं नाही, आणि तेच तू दर आठवड्याला चारचौघांत सांगतेस. तरी यायचे, म्हटलं आज तरी वळवते का बघू. पाठमोरी उभी राहून मान अवघडली माझी. आणि टेबलावर सुपात घालायच्या मोहरीच्या चटणीची बरणी का नसते कधी? आईच्या टेबलावर असायची. बुधवारच्या गाडीने येतेय. चेहऱ्याचं म्हणशील तर म्हातारी झालेय, घाबरू नकोस."

पुढच्या गुरुवारी कैसूने डबा उघडला आणि फोन पाहिला. नवं पान नव्हतं. नुसती एक ओळ होती: 'या आठवड्यात सुट्टी. घरचं माणूस घरी आलंय.'

त्या दिवशी बोरोसहून कुणीच आलं नाही.