शेवंतीवालीचा पहिला दिवस

"फुटलं का हो ताई?"

सोनोग्राफीच्या खोलीतून पदर सावरत बाहेर आली की ती पहिलं हेच विचारायची. बाकीच्या बाया कानाशी येऊन कुजबुजायच्या. हिचा आवाज जिन्यापर्यंत जायचा.

मी नाशिकच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये फॉर्म भरते. मूल हवं असलेल्या बायका पाळीनंतर ठरलेल्या दिवशी येतात, अंडाशयातलं बीज फुटून सुटलं की नाही ते बघायला. ही मखमलाबादकडून यायची. घरचा फुलांचा मळा. येताना वर्तमानपत्राच्या कागदात शेवंती आणायची आणि नेमकी माझ्या कॉम्प्युटरवर ठेवायची. कितीदा रागावले, पण ऐकेल तर शपथ.

"फुटलं गं बाई," मी म्हणायचे. मग ती जिन्यात उभी राहून नवऱ्याला फोन लावायची. तो टेम्पोवर, पिंपळगावहून द्राक्षं भरली की चार-चार दिवस बाहेर. "अहो, फुटलंय! आज घरी या. उद्या नाय, आजच. बीज एकच दिवस टिकतं म्हणले डॉक्टर." सगळं सेंटर ऐकायचं. आम्ही हसू दाबायचो. तुम्हीही हसला असता.

दीड वर्ष असंच चाललं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चौदावा दिवस लिहिलेला, ती चौदाव्या दिवशी हजर, आणि बीज दर वेळी फुटलेलं. नवऱ्याच्याही तपासण्या ठीक. पण दिवस काही राहत नव्हते. शेवटी शेवटी तिचा आवाज खाली आला. "फुटतंय, तर मग धरत का नाय हो?" एवढंच एकदा म्हणाली. त्यानंतर ती आली नाही.

वर्षभराने तिची धाकटी जाऊ पोटात दुखतं म्हणून आली. मी आधी हिचीच चौकशी केली.

"थोरली? घोटीला गेली, माहेरी. फारकत झाली. भाऊजींचं दुसरं जमलंय आता."

मी फॉर्म पुढे ओढून विचारलं, "पाळीची तारीख?"

"दहा. दहालाच न्हाले नि मळ्यात गेले."

"म्हणजे दहाला पाळी आली?"

"नाय हो, आली सहाला. पहिले चार दिवस कुठं धरत्यात? फुलं देवाला जात्यात, म्हणून न्हाईस्तवर मळ्यात पाय ठेवत नाय आम्ही. न्हाल्यावर पहिला दिवस. आमच्या घरात समद्या असंच मोजतो."

मी बोटांवर मोजलं. थोरलीचा चौदावा दिवस खरा अठरावा होता. बीज फुटलेलं असायचं, पण फुटून तीन-चार दिवस झालेले असायचे. नवऱ्याला ती जिवाच्या आकांताने बोलवायची, तेव्हा सगळं संपलेलं असायचं. आणि तारीख मी लिहीत होते. दर महिन्याला, माझ्या हाताने. मूल झालंच असतं असं मी म्हणत नाही. पण इतक्या महिन्यांत तिचा एकही फोन वेळेवर गेला नव्हता, आणि ते कळायला मी एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता.

जुन्या फॉर्मवरून नंबर काढून मी फोन केला. आवाज लगेच ओळखला तिने.

"ताई! आता शेवंती कोण आणतं तुम्हाला?"

"कुणीच नाही गं."

ती हसली. मग तिने विचारलं, "ताई, माझं फुटायचं ना हो दर महिन्याला? खरंच फुटायचं ना?"

"खरंच फुटायचं."

"मग माझ्यातच काहीतरी खोट असंल."

तेव्हा सांगायला हवं होतं. उत्तर ओठांवर होतं. "तसं नाही गं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी भित्री आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आता मी प्रत्येकीला विचारते, "पहिला डाग कधी दिसला?" बाया लाजतात, खाली बघतात. मी पुन्हा विचारते.