साहेबांनी पुसायला सांगितलेलं पत्र

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मी महाप्याच्या एका रंगाच्या कारखान्यात टायपिस्ट होते. ऑफिसात कॉम्प्युटर एकच. तो काचेच्या खोलीत असायचा आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. धूळ त्याला सोसत नाही, असं सांगायचे. त्याच्यासाठी एसी होता, आमच्यासाठी पंखा. वाशीत तीन महिन्यांचा क्लास केलेला असल्यामुळे रोज चपला काढण्याचा मान माझ्याकडे आला.

टायपिंग मी परीक्षेपुरतं शिकले होते. ऑफिसचं इंग्रजी पत्र कसं लिहायचं ते शिकवलं हेडक्लार्ककाकांनी. ते सानपाडा गावचे. त्यांची खाडीकाठची भातशेती नव्या शहरासाठी गेली आणि ते नोकरीला लागले. बोलायचे गावच्या बोलीत, इंग्रजी मात्र असं लिहायचे की साहेबांना डिक्शनरी काढावी लागे. माझ्या प्रत्येक पत्रावर त्यांच्या लाल पेन्सिलीची एक तरी खूण असायची.

एका दुपारी साहेबांनी मला काचेच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं आणि हेड ऑफिसला एक पत्र सांगायला सुरुवात केली. विषय होता हेडक्लार्क. कॉम्प्युटरच्या युगात हा माणूस कालबाह्य, म्हणजे त्यांच्या इंग्रजीत ऑब्सोलीट, झाला आहे, तरी त्याला मुदतीआधीच निवृत्त करावं, अशी शिफारस. माझी बोटं चालत राहिली. पगार त्याचाच होता.

प्रिंट काढून, पाकीट स्वतः बंद करून साहेब म्हणाले, "आता डिलीट करा. मशीनमध्ये काही राहता कामा नये."

मी केलं. फ्लॉपीवरच्या फाईलींची यादी काढून दाखवली. त्यांनी ती दोनदा बघितली.

"हे बरं आहे," ते म्हणाले. "कागद असता तर फाडावा लागला असता. आणि तुकडे जोडणारे काय कमी असतात?"

विज्ञानावर ते फार खूश होते. मी जागेवर आले तर काकांनी माझ्यासाठी चहा झाकून ठेवला होता. तो मला धड पिता आला नाही.

दोनेक आठवड्यांनी ठाण्याहून इंजिनिअर सर्व्हिसिंगला आला. त्याच्याकडे एक नवा प्रोग्राम होता: पुसलेल्या फाईली परत आणणारा. स्टाफला कॉम्प्युटरची भीती वाटते, ती जावी म्हणून साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. दाराबाहेर बारा जोडी चपलांचा ढीग झाला. इंजिनिअरने एखादी जुनी फ्लॉपी मागितली. साहेबांनी स्वतःच्या हाताने डब्यातून एक काढून दिली. लेबलवरचं अक्षर माझं होतं. ते पत्र मी हिच्यावरच केलं होतं.

पडद्यावर पुसलेल्या फाईलींची नावं आली. प्रत्येकाच्या पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. इंजिनिअरने त्यातलं एक निवडलं. प्रश्नचिन्हापुढे ई, टी, आय, आर, ई.

"पुसताना मशीन पहिलं अक्षर तेवढं खातं," तो म्हणाला. "ते आपण सांगायचं. कोणी सांगेल?"

साहेब एसीकडे बघत होते. काकांनी चष्मा वर सरकवला.

"आर," ते म्हणाले.

इंजिनिअरने आर दाबलं आणि पत्र पडद्यावर आलं.

"बंद करा ते," साहेब म्हणाले.

"एक शब्द गेलेला नाही, साहेब," इंजिनिअर अभिमानाने म्हणाला.

काकांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग साहेबांकडे न बघता मला म्हणाले, "बाय, ऑब्सोलीटमदी एलनंतर ई येतो. आय नाय."

काका इंजिनिअरकडे वळले. "पन पुसलेलं परत आलं कसं?"

"पुसतो म्हणजे आपण यादीतलं नाव काढतो. जागा रिकामी आहे, एवढीच नोंद होते. मजकूर तिथेच असतो."

"म्हंजे सातबाऱ्यावरचं नाव काढलं, शेत तितंच."

"अगदी तसंच."

"मंग जातं कवा?"

"त्या जागेवर दुसरं काही लिहिलं की."

"बिल्डिंग उठली की," काका म्हणाले आणि चपला घालायला बाहेर गेले.

संध्याकाळच्या आत ती फ्लॉपी काठोकाठ भरायची, असा मला हुकूम झाला. काय लिहायचं ते साहेबांनी सांगितलं नाही. मी नुसती बसले होते, तेवढ्यात काका आत आले आणि स्टूल ओढून बसले.

"लिव," म्हणाले, आणि नमुन्याची पत्रं सांगायला लागले: रजेचा अर्ज, माल उशिरा आल्याची तक्रार, स्मरणपत्र, स्मरणपत्राचं स्मरणपत्र.

तिसऱ्या पत्राला माझा हात थांबला. "काका, ते मीच टाईप केलं होतं."

"मना ठावं हाय. इतक्या चुका या हापिसात दुसरं कोन करील?"

आणि पुढचं पत्र सुरू झालं. नंतर मी त्याच पत्रांच्या नकला करत सुटले, ते मशीनने जागा संपल्याचं सांगेपर्यंत. इंजिनिअरने तपासून बघितलं. साहेबांचं पत्र आता खरोखरच गेलं होतं. तरी साहेबांनी फ्लॉपी कात्रीने कापली आणि तुकडे ब्रीफकेसमध्ये घालून घरी नेले.

तोवर पत्र गेटवरच्या वॉचमनलाही पाठ झालं होतं. पुढचे कित्येक महिने कँटीनचा पांचट चहा ऑब्सोलीट होता, कंपनीची बस ऑब्सोलीट होती, तुर्भ्याच्या अलीकडे बंद पडली की जास्तच.

महिन्याभराने हेड ऑफिसचं उत्तर आलं. शिफारशीची नोंद घेतली आहे, एवढंच. त्याचा अर्थ काकांनीच मला सांगितला: वाचलं आणि ठेवून दिलं.

काका आपल्या पूर्ण मुदतीपर्यंत राहिले. साहेबांची बदली त्याआधीच गुजरातेत झाली. निरोप समारंभाचं इंग्रजी भाषण काकांनी लिहिलं, मी टाईप केलं. ते ऐकताना साहेबांनी रुमालाने डोळे पुसले, आणि जाण्यापूर्वी त्यांनी त्याच्या दोन प्रती मागून घेतल्या.