थोरल्या हेराचं शेवटचं प्रकरण

टीव्हीवरच्या हेरमालिकांवरून कादंबऱ्या लिहिणं हा आम्हा दोघा भावांचा जोडधंदा. दादा शाळेत इतिहास शिकवतो, मी पनवेलमध्येच एका कुरिअरवाल्याच्या ऑफिसात बसतो. प्रकाशक मालिकेच्या संहिता पाठवतो, आम्ही त्यांची पुस्तकं करतो. घटना बदलायची मुभा नाही. पण पडद्यावर माणसाच्या मनातलं दिसत नाही, ते आम्ही भरायचं.

मालिकेत दोन सख्खे भाऊ, दोघेही हेर, एकमेकांच्या मुळावर उठलेले. त्यामुळे कामाची वाटणी आपोआप झाली. थोरल्याची प्रकरणं दादा लिहिणार, धाकट्याची मी. तीन पुस्तकं सुरळीत गेली. म्हणजे भांडत भांडत, पण गेली. दादा माझी विशेषणं खोडायचा, मी त्याची लांबलचक वाक्यं तोडायचो. 'माझा हेर तुझ्या हेरापेक्षा हुशार आहे' असं चाळिशी उलटलेला माणूस फोनवर ओरडायला लागला की वहिनी कपाळावर हात मारून घ्यायची.

चौथ्या पुस्तकात मी माती खाल्ली.

धाकटा थोरल्यावर एवढा खार का खातो, ते संहितेत कुठेच नव्हतं. कारण तर हवं. मी सरळ आमचा लहानपणचा कर्नाळ्याच्या जंगलातला प्रसंग उचलून टाकला. तेव्हा मी सात वर्षांचा, दादा बाराचा. पक्षी बघायला गेलो होतो. बाबांची दुर्बीण माझ्या गळ्यात, म्हणून दादा फुगलेला. वर त्याची पाण्याची बाटलीही मीच खांद्याला अडकवलेली. बाबा खाली चहाला थांबले आणि जंगलातल्या एका वळणावर दादा मला एकट्याला टाकून गेला. शेवटी बाबा शोधत आले, तेव्हा कुठूनसा उगवला.

माझं प्रकरण वाचून त्याचा फोन आला.

"मी तुला टाकून गेलो? जगाला छापून सांगणार?"

"गेला होतास की."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर दोन महिने बोलणं बंद. माझं घर खांदा कॉलनीत, त्याचं जुन्या पनवेलला, रिक्षाने जेमतेम पंधरा मिनिटं. पण कागद वहिनीच्या हातून यायचे-जायचे. गणपतीत आरतीला शेजारी उभे राहिलो, तर आरतीचं ताटही त्याने वहिनीकडूनच पुढे सरकवलं. राग मलाही होता, नाही असं नाही. पण भीती जास्त होती. आई-बाबा गेले. उरलेला एक भाऊ मी पुस्तकापायी घालवून बसलो, असं वाटून जेवण जाईना.

शेवटचं प्रकरण दादाचं होतं. संहितेत एवढंच: धाकटा पिस्तूल रोखतो, थोरला गप्प उभा राहतो. वहिनी पाकीट देऊन गेली आणि मी दारातच उभ्या उभ्या वाचायला घेतलं.

दादाच्या थोरल्या हेराला पिस्तुलासमोर जंगल आठवतं. तो कुठे गेलेलाच नसतो. दहा पावलांवर झाडामागे उभा असतो. धाकटा दुर्बिणीतून लांबचे डोंगर धुंडाळत असतो, आणि त्याची जरा जिरू दे म्हणून थोरला बाहेर येत नाही. मग धाकटा घाबरून चड्डी ओली करतो. इकडेतिकडे बघतो आणि बाटलीतलं सगळं पाणी स्वतःच्या अंगावर ओतून घेतो. आता थोरल्याला बाहेर येताच येत नाही. आला, तर आपल्याला कुणीतरी पाहिलं हे धाकट्याला कळेल.

बाटली सांडली, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. खरं काय ते आईलाही बोललो नव्हतो, बायकोलाही नाही. आणि या माणसाने पस्तीस वर्षांत, इतकी भांडणं झाली, एकदाही ते तोंडातून काढलं नाही.

मी फोन लावला. त्याने उचलला.

"दादा, तू पाहिलं होतंस?"

"बाटली माझी होती, गाढवा," तो म्हणाला. "घसा सुकला होता माझा. पण बाटलीचा विषय निघू नये म्हणून घरी पोचेपर्यंत पाणी मागितलं नाही."